पाच दरोडेखोर आणि साडेतीन तास : लढाईच्या नियमांत वास्तव किती असावे?

सहापैलू (धागाकर्ता)

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचे आणि निकाल फाशांनी लावायचे, अशा भूमिका-खेळांत गेली सहा वर्षे मी एकाच गटासाठी गेम मास्टर, म्हणजे प्रसंग रचणारा आणि निवाडे देणारा, म्हणून बसत आलो आहे. आमची मुख्य मोहीम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीवर चालते आणि एकंदरीत तिच्याविषयी माझी फारशी तक्रार नाही. मात्र गेल्या वर्षी गटातल्या दोघांनी एक मुद्दा काढला आणि तो मला खोडता आला नाही. त्यांचे म्हणणे असे, की आमच्या लढायांत कोणाला काही होतच नाही. पात्राला भाल्याचे तीन वार बसतात, हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकते याचा आकडा) ४७ वरून १९ वर येतात, तरीही ते पात्र त्याच वेगाने धावते, त्याच सफाईने तलवार चालवते आणि रात्रभर झोपून सकाळी ठणठणीत उठते. "हे रक्त नाही, बॅटरीचा चार्ज आहे," असे त्यांतला एक जण म्हणाला, आणि ते मला लागले.

मग तीन महिने खपून मी स्वतःचे नियम लिहिले. वार शरीरावर नेमका कुठे बसला याचा तक्ता, चिलखताने मार शोषण्याची पद्धत, वेदनेमुळे फाशाच्या आकड्यात होणारी वजावट, रक्तस्राव, दमणूक, शस्त्राची लांबी, आणि फाशावर १ पडला तर होणारी फजिती, असे सगळे मिळून २२ पाने भरली.

पहिल्या प्रयोगासाठी प्रसंग मुद्दाम साधा ठेवला. अरुंद लाकडी पूल, एका टोकाला खेळाडूंची चार पात्रे, दुसऱ्या टोकाला पाच दरोडेखोर. जुन्या नियमांनी ही लढाई पाऊण तासात आटोपली असती. नव्या नियमांनी तिला साडेतीन तास लागले. नंतर मी हिशेब मांडला. एका राउंडमध्ये प्रत्येकाची एक पाळी होते आणि तो खेळातल्या सहा सेकंदांचा असतो. लढाई सात राउंड चालली, म्हणजे खेळातल्या वेळेनुसार ४२ सेकंद. शेवटपर्यंत कोणीच पडले नाही असे धरले तरी नऊ जणांच्या ६३ पाळ्या होतात, आणि २१० मिनिटांना ६३ ने भागले की एका पाळीला सव्वातीन मिनिटांहून जास्त वेळ पडतो. प्रत्यक्षात माणसे पडत गेली, त्यामुळे खरा आकडा याहून वाईट आहे.

वेळ गेला याचे मला तितके वाईट वाटले नाही. दुसऱ्याच राउंडमध्ये एका खेळाडूच्या पात्राच्या उजव्या हातावर वार बसला आणि पुढे प्रत्येक फाशातून चार वजा होऊ लागले. त्यानंतरचा सगळा वेळ तो बिचारा फासा टाकत होता, हुकत होता आणि पुन्हा पाळीची वाट पाहत होता. शेवटी शेवटी तर तो आपले फासे रंगांप्रमाणे लावत बसला. आणखी एक गोष्ट सगळे गेल्यावर, पसारा आवरताना लक्षात आली. २२ पानांचे नियम असूनही त्या लढाईत प्रत्येकाने आपल्या पाळीला पूर्वी करायचा तेच केले. समोर जो होता त्याच्यावर वार केला.

जाणकारांना माझा प्रश्न असा, की यातले काय ठेवावे आणि काय टाकावे? की हा नादच सोडावा?


ढालकरी

हा वाद आपल्या छंदाहून वयाने मोठा आहे, हे आधी सांगतो, म्हणजे धागाकर्त्यांना जरा धीर येईल. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी क्रीगस्पील नावाचा नकाशावरचा युद्धखेळ खेळला जात असे. फॉन रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे जे नियम सिद्ध केले, त्यांत कोणत्या अंतरावरून किती माऱ्याने किती माणसे पडतील याचे तक्ते होते आणि नशिबाचा भाग फाशांवर सोपवलेला होता. पुढे पुढे अधिकारी त्या तक्त्यांना कंटाळले. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवले, की फासे आणि तक्ते बाजूला ठेवावेत आणि अनुभवी पंचाने आपल्या निर्णयबुद्धीने निकाल द्यावा. या लोकांना करमणूक करायची नव्हती, उद्याच्या लढाईची तयारी करायची होती. वास्तवाची गरज त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती, आणि तरीही त्यांच्यातल्या काहींना तक्ते अडचणीचे वाटले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अर्थात तिथे पंच स्वतः सेनाधिकारी असे. आपल्यापैकी कितीजण तलवारीच्या लढाईतून वाचून आलेले आहेत, हा प्रश्न पंचावर सगळे सोपवणाऱ्या या मोकळ्या पद्धतीच्या चाहत्यांनी स्वतःला विचारावा.

आता हिट पॉइंटविषयी. गायगॅक्स आणि पेरेन यांच्या १९७१ च्या चेनमेल या युद्धखेळात साधा सैनिक एका फटक्यात पडत असे, आणि 'हीरो' चार माणसांच्या तोडीचा असल्यामुळे त्याला पाडायला एकाच वेळी चार फटके लागत. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे डंजन्स अँड ड्रॅगन्स आले तेव्हा त्याचे हिट पॉइंट झाले, आणि ही कल्पना आपण लोखंडी युद्धनौकांच्या खेळावरून उचलली असे आर्नेसन यांनी स्वतः सांगितले आहे. तुमच्या मित्राच्या 'बॅटरी'चे मूळ कदाचित इथे सापडेल. नौकेच्या कवचाला चार गोळे लागले तरी उरलेल्या तोफा धडधडत राहतात. माणसाच्या मांडीत भाला घुसला की त्याचे सगळेच बदलते.

गायगॅक्स यांनी १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइड या गेम मास्टरसाठीच्या नियमपुस्तकात याचे लांबलचक स्पष्टीकरण दिले आहे. हिट पॉइंट म्हणजे मुख्यतः कसब, नशीब आणि दैवी कृपा. प्रत्यक्ष रक्तमांसाचा वाटा त्यात थोडा. तसेच त्या आवृत्तीतला राउंड एका मिनिटाचा, कारण एका फाशात अनेक हुलकावण्या, अडवणुकी आणि फसलेले वार गृहीत धरलेले. हे मला पटते. पण मग धनुर्धारी येतो. त्याला त्याच एका मिनिटात दोनच बाण सोडता येतात, कारण तलवारीचे वार ढोबळ मानाने धरता येतात, पण भात्यातले बाण मोजावेच लागतात. सराव असलेला माणूस मिनिटाला याच्या कितीतरी पट बाण सोडतो. जिथे ढोबळ गोष्ट मोजता येणाऱ्या गोष्टीला जाऊन भिडते, तिथेच नियम फाटतात, असा माझा अनुभव आहे.


तक्तेवाला

माझ्या नावावरूनच माझी बाजू कळली असेल. धागाकर्त्यांच्या २२ पानांवर आता सगळे तुटून पडतील, त्याआधी तक्त्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

सहापैलू, तुमच्या लढाईत एका वाराला किती टप्पे होते, ते मोजा. वाराचा फासा, बचावाचा फासा, जागेचा फासा, नुकसानीचा फासा, त्यातून चिलखताची वजाबाकी, मग वेदनेची चाचणी. हे सहा टप्पे झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कागदात डोके घालणार. आता रोलमास्टर या खेळाची पद्धत पाहा. त्याच्या १९८० च्या आर्म्स लॉ या पुस्तकात प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र तक्ता आहे आणि त्यात चिलखताचे २० प्रकार आडवे मांडलेले आहेत. शंभराचा फासा टाकायचा, स्वतःचे कसब मिळवायचे, समोरच्याचा बचाव वजा करायचा आणि एका चौकटीवर बोट ठेवायचे. नेम, चिलखताचा परिणाम आणि नुकसान या तिन्हींचे उत्तर त्या एकाच चौकटीत मिळते. वार जबर असेल तर आकड्यापुढे एक अक्षर असते आणि मग दुसऱ्या तक्त्यात पाहायचे. गणित करायचे ते नियम लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते. लोक या खेळाला तक्त्यांवरून टोमणे मारतात, पण ज्याने आपल्या शस्त्राचा एकच तक्ता झेरॉक्स काढून समोर ठेवला आहे, त्याची पाळी तुमच्या सहा टप्प्यांच्या निम्म्या वेळात होते.

दुसरे असे, की ते अक्षर आल्यावर टेबलाभोवती काय घडते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी तक्त्यांची चेष्टा करू नये. गेम मास्टर ओळ शोधत असतो, सगळे पुढे झुकलेले असतात, आणि तो सावकाश वाचतो, की वार गुडघ्यावर बसला, स्नायू तुटला, दोन राउंड काहीही करता येणार नाही. त्या क्षणाची सर '११ नुकसान'ला येणार नाही.

टोकाला गेलेले खेळ आहेत हे मान्य. लीडिंग एज या कंपनीच्या १९८६ च्या फिनिक्स कमांडमध्ये गोळी कोणत्या अवयवातून कशी जाते याचे इतके बारीक तक्ते आहेत, की त्याच्या कर्त्याविषयी मला अपार आदर वाटतो. खेळलो मात्र दोनदाच.


शून्यहिटपॉइंट

तक्तेवाल्यांचा टप्प्यांचा मुद्दा योग्य आहे. परंतु हे बारीक नियम वेळखाऊ असतात एवढ्यावर आपण थांबतो. ते बहुधा वास्तवाला धरूनही नसतात, हे कोणी तपासत नाही. दोन उदाहरणे आकड्यांनिशी देतो.

पहिले उदाहरण धागाकर्त्यांच्याच यादीतले आहे. वीस पैलूंच्या फाशावर १ पडला की शस्त्र हातातून निसटते किंवा आपल्याच माणसाला लागते, हा हाउस रूल (गटाने स्वतः घातलेला नियम) मी निदान पाच गटांत पाहिला आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो 'वास्तव यावे' म्हणून आणलेला होता. आता पाचव्या आवृत्तीतला विसाव्या पातळीचा योद्धा घ्या. त्याला एका पाळीत चार वार मिळतात, म्हणजे त्या सहा सेकंदांत निदान एकदा १ पडण्याची शक्यता साधारण १८.५ टक्के. मिनिटाला दहा राउंड, म्हणजे ४० वार, म्हणजे सरासरी दोन फजित्या. जगातला सर्वोत्तम तलवारबाज दर अर्ध्या मिनिटाला तलवार खाली पाडतो, आणि काल पहिल्यांदा तलवार हातात घेतलेला शेतकरी, त्याला पाळीला एकच वार असल्यामुळे, दोन मिनिटांतून एकदा. कसब वाढेल तसा माणूस अधिक धांदरट होतो असे सांगणारा हा नियम आहे.

दुसरे उदाहरण एका चांगल्या खेळातले आहे. १९७८ च्या रूनक्वेस्टचे मुख्य कर्ते स्टीव्ह पेरिन हे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम या मध्ययुग जगून पाहणाऱ्या हौशी संस्थेत चिलखत घालून लढलेले होते, आणि तो अनुभव त्या नियमांत दिसतो. वाराचा वेगळा फासा, तो अडवण्याचा वेगळा फासा, अवयवांचे वेगवेगळे हिट पॉइंट, आणि मार शोषणारे चिलखत. वाचताना सगळे पटते. आता ९० टक्के कसबाचे दोघे समोरासमोर उभे करा. वार नेमका बसण्याची शक्यता ०.९ आणि तो अडवला न जाण्याची ०.१, म्हणजे दर वाराला फक्त ९ टक्के. दोघांचे वार धरले तरी एखाद्या राउंडमध्ये काहीतरी घडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के. म्हणजे सरासरी सहा राउंड नुसती खणाखणी, आणि त्यानंतर जो एखादा फासा बिघडेल त्यावर फैसला. दोन पट्टीचे योद्धे भिडतात तेव्हाच टेबलावर सर्वांत जास्त जांभया येतात, हे काही कोणाला अभिप्रेत नसणार.

याच अडचणीला गर्प्स या खेळाने दिलेले उत्तर मला आवडते. तिथे राउंड एक सेकंदाचा आहे आणि बचावाचा फासाही आहे, म्हणजे कोंडी तीच. पण २००४ च्या चौथ्या आवृत्तीत खेळाडूला आपल्या कसबातून दोन कमी करून समोरच्याच्या बचावातून एक कमी करता येतो. ज्याचे कसब उदंड आहे तो ते फसव्या वारात गुंतवतो, आणि किती गुंतवायचे हे त्याला दर वेळी ठरवावे लागते.

अवांतर : वजनांचीही तीच गत आहे. १९८९ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन हातांनी पेलायची तलवार १५ पौंडांची आहे, म्हणजे जवळजवळ सात किलो. लढाईसाठी घडवलेल्या तशा तलवारी साधारण दोन ते साडेतीन किलोंच्या असत. पात्राने काय काय उचलले आहे याचा पौंडापौंडाने हिशेब ठेवणाऱ्या कित्येक गटांनी वर्षानुवर्षे हा चुकीचा आकडा इमानेइतबारे मिळवला आहे.


मोकळापंच

एवढे सगळे कशासाठी? २०१४ च्या इन्टू द ऑड या खेळात वार लागला की नाही याचा फासाच नाही. शस्त्राचा फासा टाका, चिलखत वजा करा, पुढे चला. लढाई दहा मिनिटांत संपते आणि लोक ती टाळण्याचा विचार करू लागतात, कारण प्रत्येक पाळीला कोणालातरी लागतेच.

मला वाटते, सहापैलू यांच्या त्या दोन खेळाडूंना वास्तव नको होते. त्यांना लढाईचा काही परिणाम मागे उरायला हवा होता. त्यासाठी पाचव्या आवृत्तीच्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच एक पर्यायी नियम आहे : छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी विश्रांती सात दिवसांची. २२ पानांऐवजी दोन ओळी.


सहापैलू

@मोकळापंच, तो नियम आम्ही दोन महिने वापरून पाहिला होता. जखमा टिकल्या हे खरे, परंतु जादूगार खेळणाऱ्या मैत्रिणीचे मंत्रही त्याच सात दिवसांच्या विश्रांतीला बांधलेले असल्यामुळे तिला हात बांधून बसावे लागले. औषध लागू पडले, पण भलत्याच रोग्याला कडू लागले.

@शून्यहिटपॉइंट, फजितीचा नियम आजच खोडला. हे गणित मी स्वतः का केले नाही, याची लाज वाटते.


तिरकीचाल

मी गेली आठ वर्षे बोथट पोलादी तलवारीने जुन्या युरोपीय पद्धतीची तलवारबाजी शिकते आहे. यामुळे मला खऱ्या लढाईतले काही कळते असा माझा दावा नाही, कारण आमच्याकडे मुखवटे असतात आणि संध्याकाळी सगळे आपल्या पायांनी परत जातात. तरीही हा धागा वाचताना एक गोष्ट सतत खटकली, म्हणून लिहिते.

आपण सगळे वार लागल्यानंतर काय होते, याच्या वास्तवावर बोलत आहोत. कुठे लागला, किती खोल, किती रक्त. पण तलवार हातात घेतलेल्या माणसाचे मन या कशातच नसते. त्याचे सगळे लक्ष वार होण्यापूर्वीच्या अर्ध्या सेकंदात असते : आता पुढे जाऊ की थांबू, तो पुढे येतो आहे की मला खेचून घेतो आहे. नवशिक्यांच्या सामन्यात सर्वांत जास्त वेळा काय होते ठाऊक आहे? दोघांनाही लागते. दोघेही वार करायला निघतात, स्वतःला झाकायचे विसरतात आणि एकाच क्षणी दोघांच्या मुखवट्यांवर टणत्कार होतो. खरी पाती असती तर दोघेही मेले असते. आपल्या खेळांत हे कधीच होत नाही, कारण तिथे पाळ्या असतात. मी तीस फूट चालत येते, वार करते, आणि तोवर समोरचा पुतळ्यासारखा उभा असतो. हिट पॉइंटपेक्षा मोठी थाप ही आहे, पण तिची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती दिसतच नाही.

२००२ च्या द रिडल ऑफ स्टीलमध्ये या जागेवर बोट ठेवलेले आहे. तो लिहिणारे जेक नॉर्वूड स्वतः तलवारबाजी करणारे होते. चकमक सुरू होताना दोन्ही खेळाडू मुठीत एक एक फासा धरतात, लाल म्हणजे वार आणि पांढरा म्हणजे बचाव, आणि दोघे एकाच वेळी मूठ उघडतात. दोन्ही लाल निघाले की टेबलावर जी शांतता पसरते, ती मला आमच्या सामन्यांतून चांगलीच ओळखीची आहे. त्यानंतर आपल्याकडच्या फाशांतले किती या घावात घालायचे आणि किती पुढच्यासाठी राखायचे, हे ठरवावे लागते. त्या खेळात जखमांचे तक्तेही भरपूर आहेत, पण त्या तक्त्यांच्या आधी खेळाडूला भीती वाटलेली असते.

सहापैलू, तुमच्या पहिल्या पोस्टमधले शेवटून दुसऱ्या परिच्छेदातले वाक्य पुन्हा वाचा : २२ पाने असूनही प्रत्येकाने तेच केले. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. एखादा नियम वास्तव आहे की नाही हे मी असे तपासते, की त्या नियमामुळे खेळाडू आपल्या पात्राच्या जागी जाऊन तोच विचार करतो का, जो पात्राने केला असता. दमणुकीचा तुमचा नियम दर राउंडला एक आकडा कमी करतो, पण खेळाडूला त्याबद्दल काहीच करता येत नाही. मग तो हिशेब ठेवण्यापलीकडे काय करणार? त्याऐवजी 'या पाळीला दम घ्यायचा असेल तर वार करता येणार नाही' एवढेच म्हटले असते, तर नियम एका ओळीचा झाला असता आणि दर पाळीला टोचला असता.


ढालकरी

तिरकीचाल यांच्याशी सहमत, आणि त्यात एक भर घालतो. लढाईतली सर्वांत खरी गोष्ट म्हणजे माणसे पळतात. पाचातले दोन पडले की उरलेले तिघे शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढत बसले, असे दरोडेखोर कोणी कधी पाहिले आहेत? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक संचात यासाठी धैर्याचा नियम आहे. प्रत्येक शत्रूला २ ते १२ मधला एक आकडा असतो. त्यांच्या बाजूचा पहिला पडला की एकदा, आणि निम्मे गारद झाले की पुन्हा एकदा, गेम मास्टर सहा पैलूंचे दोन फासे टाकतो. बेरीज त्या आकड्याहून जास्त आली, की ते पळतात किंवा शरण येतात. दोन फासे, पाच सेकंद, आणि लढाई निम्म्या वेळात संपते. वास्तव आणि सुटसुटीतपणा एकमेकांच्या विरुद्ध असतात असे जे आपण धरून चाललो आहोत, ते इथे सपशेल खोटे ठरते.


तक्तेवाला

हे सगळे छान आहे, पण मूठ उघडण्याचा खेळ दोघांचा आहे. चार विरुद्ध पाच असताना कोण कोणासमोर मूठ उघडणार? शिवाय एक लाल-लाल निघाले आणि दीड वर्ष जोपासलेले पात्र गेले, तर तो खेळाडू पुढच्या आठवड्यात येईल का? परिणामाचे तक्ते निदान मरण्याआधी पाच-सहा प्रकारांनी लंगडे होण्याची सोय करतात.


तिरकीचाल

दोन्ही आक्षेप रास्त आहेत. गर्दीच्या लढाईत मी स्वतः ती पद्धत वापरत नाही. नायक आणि त्याचा वैरी समोरासमोर आले, की तेवढ्यापुरती काढते. पात्र मरण्याचा प्रश्न मात्र मला इतका सोपा वाटत नाही. जिथे मरणाची खरी भीती आहे तिथे खेळाडू वाटाघाटी करतात, दगा देतात, रात्री येतात, पूलच कापून टाकतात. ज्या गटाला दर आठवड्याला मनसोक्त खणाखणी हवी आहे, त्याला हे नको असेल, आणि त्यात त्यांचे काहीही चुकत नाही. पण मग त्यांनी 'बॅटरी'ची तक्रारही करू नये. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीने २००८ मध्ये हे उघडपणे मान्य केले होते. पटावर तिरके चालले तरी एक चौकोन म्हणजे एकच चौकोन, त्यामुळे आगीचा गोळासुद्धा चौकोनी. तिसऱ्या आवृत्तीत तिरक्या चालीला आळीपाळीने एक आणि दोन चौकोन मोजावे लागत, म्हणजे सरासरी दीड, आणि खरे उत्तर १.४१. भूमिती सुधारली, पण दर पाळीला कोणीतरी बोट ठेवून 'एक, तीन, चार, सहा' असे पुटपुटत बसे. माझे नाव तिथूनच आले आहे.


सहापैलू

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

२२ पानांतून अर्धे पान उरले. पहिला नियम ढालकरी यांचा : दरोडेखोरांना धैर्याचा आकडा ७ दिला, म्हणजे दर चाचणीला त्यांचा धीर सुटण्याची शक्यता ३६ मध्ये १५. दुसरा नियम दम घेण्याचा, तिरकीचाल यांनी सुचवला तसाच. तिसरा माझा. पात्राचे हिट पॉइंट निम्म्यावर आले, की खेळाडूने त्या क्षणी दोनपैकी एक निवडायचे. एक तर पात्र मागे हटते, हातची जागा सोडते आणि पुढची पाळी गमावते. नाहीतर ते जागेवर पाय रोवून राहते आणि एक जखम पत्करते. ही जखम सात दिवस भरत नाही आणि कोणत्या बाबतीत नडेल ते खेळाडूच सांगतो. मंत्र आणि विश्रांतीचे बाकीचे नियम पुस्तकातले तसेच ठेवले, त्यामुळे जादूगारही खूश आहे.

पुन्हा तोच पूल आणि तेच पाच जण घेतले. ज्याच्या पात्राचा मागच्या वेळी हात गेला होता, त्याचेच पात्र याही वेळी पुलाच्या मधोमध उभे होते आणि तिसऱ्या राउंडमध्ये निम्म्यावर आले. मागे हटावे तर अरुंद पुलावरची जागा जाते आणि मागचा धनुर्धारी उघडा पडतो. तो निदान मिनिटभर गप्प बसला, धनुर्धाऱ्याच्या खेळाडूकडे पाहिले, आणि म्हणाला, "उभा राहतो. डावा डोळा. रक्त आणि घाम, काही दिसत नाही." पहिला दरोडेखोर पडला होता तेव्हा फाशांची बेरीज ६ आली आणि ते टिकले होते, तिसरा पडल्यावर ९ आली आणि उरलेल्या दोघांनी कोयते खाली टाकले. एकूण वेळ ५५ मिनिटे, आणि त्यातली २० मिनिटे त्या दोघांचे काय करायचे यावरून खेळाडूंमध्ये जो वाद झाला त्यात गेली. त्या वीस मिनिटांत कोणी फाशाला हात लावला नाही.

अडचण एक राहिली आहे. पुढच्याच सेशनमध्ये खेळाडूंनी शत्रूंपैकी सर्वांत दुबळा निवडून त्याला आधी पाडायचे आणि धैर्याची चाचणी ओढवून घ्यायची, अशी युक्ती काढली. यावर काही इलाज आहे का?


ढालकरी

त्यावर इलाज कशाला हवा? लढणारे तसेच करतात. फक्त शत्रूंनाही तेच करू द्या, आणि तुमच्या जादूगाराला सांभाळायला सांगा.


शून्यहिटपॉइंट

सरदार उभा असेपर्यंत फाशांच्या बेरजेतून दोन वजा करा. मग ७ आकड्याच्या टोळीचा धीर सुटण्याची शक्यता ३६ मध्ये १५ ऐवजी ६ वर येते आणि खेळाडूंना दुबळा की सरदार, हे दर वेळी ठरवावे लागेल.


तक्तेवाला

हरलो, असे समजा. मात्र ती २२ पाने टाकू नका. वार कुठे बसला याचा तक्ता तेवढा मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.